सातबारा म्हणजे शेतकरी नव्हे : सोयाबीनच्या संशोधनाचा पैसा आणि आपला हक्क

सोयाबीनचा भाव पडला की आपल्या चळवळीतील बरेच जण त्याकडे कानाडोळा करतात. "आपल्या लोकांकडे जमीन कुठे आहे? हा बागायतदार-जमीनदारांचा प्रश्न, त्यांचे ते बघतील," असे म्हणून विषय संपवला जातो. दुसरीकडे शेतकरी संघटनांचे नेते व्यासपीठावरून सांगतात की शेतकऱ्याला जात नसते, शेतकरी तेवढा एक. आमच्या मते ही दोन्ही वाक्ये चूक आहेत, आणि दोन्हींचा फायदा एकाच वर्गाला होतो. पहिल्या वाक्यामुळे आपण स्वतःहून मैदान सोडतो. दुसऱ्या वाक्यामुळे आपल्याला मैदानावर उभे राहायला जागाच उरत नाही.

आज आम्ही एका अशा मुद्द्यावर लिहीत आहोत, ज्यावर आंबेडकरी तरुणांमध्ये फारशी चर्चा होत नाही. शेतीतील संशोधनासाठी पैसा कोण देतो, ते संशोधन कशावर व्हावे हे कोण ठरवतो आणि त्याचे फळ कुणाच्या पदरात पडते? विदर्भ-मराठवाड्यातील लाखो बौद्ध, मातंग, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी कुटुंबांची दिवाळी सोयाबीनच्या सोंगणीच्या मजुरीवर होते. त्यांच्यासाठी हा पोटाचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील शेतकऱ्यांनी काय केले?

जगात सोयाबीनसाठी शेतकऱ्यांच्याच पैशातून चालणारी सर्वात मोठी व्यवस्था अमेरिकेत आहे. १९९० साली तिथल्या संसदेने सोयाबीनसाठी स्वतंत्र कायदा केला आणि सप्टेंबर १९९१ पासून वसुली सुरू झाली. नियम सोपा आहे. शेतकऱ्याने सोयाबीन विकले की पहिला खरेदीदार विक्रीच्या निव्वळ किमतीतून अर्धा टक्का कापून घेतो, म्हणजे हजाराला पाच. त्यातील निम्मा पैसा त्या राज्याच्या सोयाबीन मंडळाकडे राहतो आणि निम्मा 'युनायटेड सोयाबीन बोर्ड' या राष्ट्रीय मंडळाकडे जातो. या मंडळाचे संचालक सोयाबीन पिकवणारे शेतकरीच असतात. राज्यांची मंडळे नावे सुचवतात आणि कृषिमंत्री नेमणूक करतात. १९९४ साली शेतकऱ्यांचे मतदान झाले आणि बहुमताने ही व्यवस्था कायम राहिली. पुन्हा मतदान हवे का, हे शेतकऱ्यांना दर पाच वर्षांनी विचारावे लागते. या पैशातून कायदे करवून घेण्यासाठी सरकारवर दबाव आणायला मनाई आहे. ते काम 'अमेरिकन सोयाबीन असोसिएशन' ही वेगळी संघटना वेगळ्या पैशातून करते.

या पैशातून झालेली कामे लहान नाहीत. २०१० साली सोयाबीनचा संपूर्ण जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला, त्याला सरकारी निधीबरोबर शेतकऱ्यांच्या या निधीचाही हातभार होता. मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमीने तिथले उत्पादन पोखरले, तेव्हा माती तपासण्यापासून प्रतिकारक वाणांपर्यंतच्या कामाला याच निधीने बळ दिले. सोयाबीन तेलापासून बायोडिझेल, शाई, गाडीचे टायर अशा नव्या वापरांवर पैसा लावला, म्हणजे तेलाला नवे गिऱ्हाईक तयार केले. मिसिसिपी नदीच्या खालच्या टप्प्यात जहाजांचा मार्ग ४५ फुटांवरून ५० फूट खोल करायचा होता. त्याच्या आखणीसाठीही मंडळाने २० लाख डॉलर ठेवले, कारण जहाजात जास्त माल बसला तर शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे जास्त पडतात. परदेशात बाजार तयार करणारी त्यांची यंत्रणा आपल्या देशातही काम करते.

म्हणजे बियाण्यापासून बंदरापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर पिकवणाऱ्याचा माणूस बसलेला आहे. शेतकऱ्याने सरकारपुढे हात पसरण्याऐवजी आपल्याच घामाचा अर्धा टक्का एकत्र करून प्रयोगशाळेला काम सांगायचे, ही कल्पना आम्हाला पटते. संघटित होण्याचा अर्थ यापेक्षा वेगळा काय असतो?

पण 'शेतकरी' कोण?

खरी गोम कायद्याच्या व्याख्येत असते. अमेरिकन कायद्यानुसार ज्याची पिकावर मालकी आहे, किंवा जो पिकाच्या मालकीत आणि नुकसानीच्या जोखमीत वाटेकरी आहे, तो उत्पादक. यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, वाट्याने शेती करणारा माणूस जमिनीचा मालक नसला तरी या व्याख्येत बसतो. दुसरी, शेतात राबणारा मजूर मात्र बसत नाही.

आता मजूर कोण होता, हे इतिहासाला विचारा. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कापूस वेचणारे आणि वाट्याने जमीन कसणारे लोक बहुतांशी कृष्णवर्णीय होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कापूस वेचणारी यंत्रे आली, तणनाशके आली आणि मोठ्या क्षेत्रावर सोयाबीन आले. सोयाबीनला फारसे हात लागत नव्हते. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे जमिनीवरून उठली आणि शहरांच्या वस्त्यांत गेली. १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज तिथल्या एकूण शेतकऱ्यांत त्यांचे प्रमाण दोन टक्केही नाही. सरकारी कृषी खात्याने कर्ज देताना वर्णभेद केला, म्हणून ते न्यायालयात गेले. १९९९ साली 'पिगफर्ड' खटल्यात खात्याला तडजोड करून भरपाई द्यावी लागली.

ही माणसे सोयाबीनच्या मंडळाने हाकलली, असे आम्ही म्हणत नाही. मंडळ १९९१ साली आले, तोवर बहुतेकांची जमीन गेलेली होती. आमचे म्हणणे एवढेच की 'शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांसाठी' ही पाटी लागली, तेव्हा ज्यांना आधीच शेतकरी राहू दिले नव्हते, त्यांच्यासाठी आत खुर्ची नव्हती.

मराठी वाचकाला 'एक होता कार्व्हर' या वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर घरचा वाटतो. गुलामीत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने टस्कगीत भुईमुगाबरोबर सोयाबीनवरही काम केले. कापसाने खंगलेली जमीन कशी सुधारावी हे सांगायला त्याची प्रयोगशाळा गाडीत बसून गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या दारात जात असे. आपण कार्व्हरच्या चिकाटीचे कौतुक करतो, पण त्याच्या प्रश्नाकडे बघत नाही. त्याचा प्रश्न हा होता की ज्याच्याकडे बैल नाही, खत घ्यायला पैसा नाही, त्याच्यासाठी कुठले विज्ञान? संशोधन कुणाच्या दाराशी जाते यावर त्याचा रंग ठरतो, हे त्याने जगून दाखवले.

आपल्याकडची गोष्ट

महाराष्ट्रात आज ४० लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर सोयाबीन आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यात सरासरी वहिती क्षेत्र १.३४ हेक्टर, तर अमेरिकेत सरासरी शेत ४६३ एकरांचे. याच गणनेनुसार देशात अनुसूचित जातींकडे वहितीखालच्या एकूण क्षेत्राच्या नऊ टक्क्यांहून कमी क्षेत्र आहे. लोकसंख्येत वाटा मात्र २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा टक्क्यांच्या वर. शेतकऱ्याला जात नसते म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. शेतकऱ्याला जात नसेल, पण जमिनीला मात्र ती पुरेपूर आहे.

आता सोयाबीनच्या शेतात प्रत्यक्ष कोण असते? निंदायला बाया असतात. सोंगणीचे गुत्ते घेणारी जोडपी असतात, पहाटे टेम्पोत बसून दुसऱ्या तालुक्यात जातात. मळणी यंत्रात पेंढ्या सारणारा पोरगा असतो, ज्याचा हात यंत्रात गेला तर गावात दोन दिवस हळहळ होते आणि तिसऱ्या दिवशी दुसरा पोरगा उभा राहतो. बटईने चार एकर करणारा असतो, ज्याचा करार तोंडी असतो. आणि गायरान कसणारे आमचे लोक असतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. मराठवाड्यात त्यानंतरही गायरानाची लढाई चालू राहिली, १९९१ साली शासनाने अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. पण आजही असंख्य कुटुंबे जमीन कसतात आणि कागदावर मात्र 'अतिक्रमणधारक' असतात.

हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी करायची तर सातबारा हवा, त्यावर पिकाची नोंद हवी. २०२४-२५ साठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर केला आणि त्या हंगामात बाजारात त्याहून बऱ्याच कमी भावाने माल विकला गेला. ज्याच्याकडे सातबारा होता तो निदान केंद्राच्या रांगेत उभा राहू शकला, ओलावा जास्त म्हणून भांडू शकला. गायरानधारक आणि बटईदार थेट गावच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला. त्याचा भाव व्यापाऱ्याने ठरवला.

बाजाराचे धोरणही असेच ठरते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने काही बाजारांत क्विंटलला दहा हजारांचा टप्पा गाठला आणि लगेच केंद्राने १२ लाख टन सोयापेंड, तीही जनुकबदल केलेल्या सोयाबीनची, आयात करायला परवानगी दिली. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले. कोंबडीखाद्यवाल्यांची संघटना आहे, तेल कारखानदारांची आहे, आयातदारांची आहे. त्यांच्याकडे आकडे असतात, अहवाल असतात, दिल्लीत माणसे असतात. पिकवणाऱ्याकडे काय असते? मोर्चा आणि कर्जमाफीची मागणी. आपले आकडे आपण गोळा करणारी, आपला बाजार आपण शोधणारी संस्था नसली की असेच होणार.

उसाने दिलेला धडा

शेतकऱ्यांच्या पैशातील संशोधन महाराष्ट्राला नवे नाही. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली उभी केलेली संस्था आज पुण्याजवळ मांजरीला 'वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट' म्हणून उभी आहे. कारखान्यांच्या, म्हणजे शेवटी उसाच्या पैशातून तिथे वाण, माती, साखर, मद्यार्क या सगळ्यांवर काम झाले. उसाला संस्था आहे, प्रयोगशाळा आहे, वजन आहे. हे यश आहे, आम्ही ते नाकारत नाही.

पण हा ऊस तोडला कुणी? बीड, नगर, जालना, परभणीकडून दरवर्षी निघणाऱ्या कोयत्यांनी. त्यांच्यात वंजारी आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आहेत. उसाच्या वाणासाठी संस्था १९७५ साली आली. ऊसतोड कामगारांच्या कल्याणाचे महामंडळ उभे राहायला मात्र त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ लागला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, तेव्हा समिती नेमावी लागली. उसात साखर किती टक्के याचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या झाला. मोळी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईच्या कमरेचा अभ्यास कोणी केला? ज्यांनी पैसा दिला असे मानले गेले, त्यांनी प्रश्न ठरवले. ज्यांनी घाम दिला, त्यांना कुणी विचारले नाही.

सोयाबीनमध्ये हेच पुन्हा होऊ द्यायचे का?

विज्ञान कुणाची बाजू घेते?

काही मित्र म्हणतील, वाण तर सगळ्यांसाठी सारखेच असते, त्यात कसली आली बाजू? उदाहरण घेऊ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस १४०७' हे वाण काढले, मुख्यतः पूर्व आणि ईशान्य भारतासाठी. त्याच्या गुणांत एक गुण असा सांगितला गेला की शेंगा जमिनीपासून सात सेंटिमीटर वर लागतात आणि तडकत नाहीत, म्हणून यंत्राने कापणी सोपी. शास्त्रीयदृष्ट्या हे चांगलेच काम आहे, शेंगा न तडकणे मजुरालाही हवे असते. पण यंत्राने कापणी हे ध्येय ठरले की सोंगणीची मजुरी जाते, हे त्या ध्येयातच लिहिलेले असते. तसेच तणनाशकाचे. एक फवारणी म्हणजे निंदणाऱ्या दहा बायांचे काही दिवस.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. उन्हात वाकून सोंगणी करणे ही काही आमची संस्कृती नव्हे, की ती आम्ही जपावी. बाबासाहेबांनी आपल्याला गाव आणि गावगाड्याचे कष्ट कवटाळायला शिकवले नाही. १९१८ सालच्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी हेच मांडले की जमिनीचा तुकडा लहान एवढाच रोग नाही. भांडवल नाही, अवजारे नाहीत आणि रिकाम्या हातांचा सगळा भार शेतीवर पडला आहे, तो उद्योगांनी उचलला पाहिजे. म्हणजे यंत्र यावे, पण यंत्राने मोकळ्या झालेल्या हातांना काम कुठे, याचे उत्तर त्याच आराखड्यात असले पाहिजे. त्या बाईला सोयादूध, सोयापीठ, बियाणे प्रक्रिया यांच्या उद्योगात भागीदारी मिळणार का? कापणी यंत्र बागायतदाराच्या दारात उभे राहणार की सोंगणी करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या? हेही संशोधनाचेच प्रश्न आहेत. ते विचारायला मंडळावर त्यांचे कोणी नसेल, तर ते कधीच विचारले जाणार नाहीत.

"पैसा दिला त्याचे मत" — मान्य!

इथे नेहमीचा आक्षेप येतो : "निधी शेतकरी देणार, मग मजुराला आणि बटईदाराला त्यात जागा कशी?" आम्ही हा हिशेब त्यांच्याच भाषेत मांडतो.

समजा, महाराष्ट्रात एका हंगामात चार कोटी क्विंटल सोयाबीन बाजारात आले आणि भाव चार हजार मिळाला. अर्धा टक्का म्हणजे क्विंटलमागे वीस रुपये. एकूण ऐंशी कोटी. हे वीस रुपये कुणाच्या मालातून कापले जातील? प्रत्येकाच्या. बटईदाराचे अर्धे पीक मालकाच्या नावावर आडतीत जाते, त्यातूनही कापले जातील. गायरानधारकाचा माल गावच्या व्यापाऱ्याने घेतला, तर व्यापारी ते वीस रुपये आधीच भावातून वजा करील. म्हणजे पैसा त्यांचाही जाणार. मत मात्र सातबाऱ्याचे! आणि भाव पडला की सर्वात आधी काय कापले जाते? निंदणीची मजुरी. म्हणून "पैसा दिला त्याचे मत" हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. ते सातबाऱ्यापाशी थांबवू नका, एवढेच म्हणणे आहे. अमेरिकेचा कायदा वाटेकऱ्याला उत्पादक मानतो. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्राने त्याच्याही मागे राहायचे?

याला आपल्याच बाजार समितीत दाखला आहे. अठरा संचालकांच्या मंडळात एक जागा हमाल-मापाड्यांची असते. म्हणजे मालाचा मालक नसलेल्या श्रमिकालाही बाजाराच्या कारभारात जागा असते, हे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारलेले आहे. पोते उचलणाऱ्याला जागा असेल, तर ते पोते भरेल इतके पीक काढणाऱ्या बाईला का नाही?

दुसरा आक्षेप आपल्याच बाजूने येतो : "संशोधन हे सरकारचे काम, शेतकऱ्याच्या खिशात हात का?" यात तथ्य आहे. परभणी, अकोला, राहुरीची विद्यापीठे आणि इंदूरची राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था जनतेच्या पैशावर चालतात आणि चाललीच पाहिजेत. विद्यापीठांतील जागा रिकाम्या ठेवायच्या आणि शेतकऱ्याला सांगायचे की आता तूच निधी काढ, ही लबाडी आम्ही चालू देणार नाही. शेतकऱ्यांचा निधी सरकारी निधीच्या वर असावा, त्याच्या जागी नव्हे.

आमच्या अटी

म्हणून महाराष्ट्रात सोयाबीनसाठी असा निधी उभा करण्याची मागणी आंबेडकरी चळवळीने स्वतः पुढे होऊन करावी, आणि तिच्या अटीही आपणच मांडाव्यात :

१. उत्पादकाच्या व्याख्येत बटईदार, गायरान व वनजमीन कसणारे आणि शेतात राबणाऱ्या स्त्रिया असाव्यात. पुरावा म्हणून ग्रामसभेची नोंद पुरेशी मानावी.

२. हमीभाव मिळाला नाही, त्या विक्रीवर कपात नाही. तोट्यातल्या माणसाकडून वर्गणी घेणे म्हणजे खंडणी.

३. मंडळावर शेतमजुरांच्या, स्त्रियांच्या आणि अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांच्या निवडून आलेल्या जागा असाव्यात. आमदाराच्या शिफारशीने नेमलेला 'आपला माणूस' नको.

४. या पैशातून निघालेले बियाणे सार्वजनिक मालकीचे राहावे. पैसा शेतकऱ्याचा आणि पेटंट कंपनीचे, हे चालणार नाही.

५. दर पाच वर्षांनी मतदान आणि दरवर्षी ग्रामसभेपुढे जमाखर्च. अमेरिकेत २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोमांसाच्या अशाच निधीबाबत निकाल दिला की या पैशातून होणारी जाहिरात हे सरकारचे बोलणे आहे, म्हणून न पटणाऱ्या शेतकऱ्यालाही वर्गणी टाळता येणार नाही. पैसा आपला आणि आवाज सरकारचा, ही वेळ आपल्यावर येऊ नये.

६. निधीचा ठरावीक हिस्सा मजुरांच्या प्रश्नांवर जावा : सुरक्षित मळणी यंत्र, फवारणीतली विषबाधा, सोंगणीची हलकी अवजारे, प्रक्रिया उद्योगातील सहकारी मालकी.

या अटी कुणाला अवास्तव वाटतील. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, तेव्हा तेही अवास्तवच वाटले होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो कुळे मुंबईत विधिमंडळावर चालून आली. त्यात केवळ महार नव्हते, कुणबी होते, आगरी होते. भूमिहीन आणि लहान कूळ एका बाजूला उभे राहू शकतात, हे त्या मोर्चाने दाखवले. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये तर त्यांनी शेती राज्याच्या मालकीची असावी, जात-धर्म न पाहता गावकऱ्यांनी ती सामूहिकपणे कसावी आणि जमीनदार, कूळ, भूमिहीन हा भेदच उरू नये, इतकी मजल मारली. त्या मानाने आम्ही फार थोडे मागत आहोत.

तरुण मित्रांनो, काम आजपासून करता येते. कृषी महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी संशोधनाचा विषय निवडताना सोंगणी करणाऱ्या बाईला विचारावे. तालुक्याच्या बाजार समितीने सेसचा पैसा कशावर खर्च केला, हे माहितीच्या अधिकारात मागवावे. कृषी विज्ञान केंद्राच्या बैठकीत जाऊन विचारावे की या वर्षी कुणाच्या शेतावर प्रात्यक्षिके घेतली आणि त्यात आपल्या वस्तीतले किती होते. ग्रामसभेत बटईदारांची यादी लिहून घ्यायला लावावी. जयंतीच्या मिरवणुकीला जमणाऱ्या गर्दीतले दहा जण जरी या कामाला लागले, तरी पुढच्या खरिपात तालुक्याचा कृषी अधिकारी आपल्या वस्तीचा रस्ता ओळखू लागेल.

सोयाबीनचा प्रश्न आमचा नाही असे यापुढे कोणी म्हणू नये. जे पीक आमच्या हातांनी उभे राहते, त्याच्या विज्ञानावर आणि बाजारावर आमचा हक्क आहे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तो हक्क कुणी नाकारत असेल, तर आधी तो सातबारा कुणी आणि कसा लिहिला, याचा हिशेब आम्ही मागू.

जय भीम!